ढब्बूला दुखतंय का?

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय नणंदबाई,

तुझ्या दादाने तुला फोनवर काय सांगितलं ते मी पलंगावरून ऐकत होते. "मुलगा झाला, जरा प्रॉब्लेम आहे." जरा! या माणसाच्या घराला आग लागली तरी तो "जरा उकडतंय" म्हणेल. म्हणून मीच लिहायला बसले. फोनवर मला बोलता येत नाही. तिसऱ्या शब्दाला मी फोन बाजूला ठेवून देते आणि तू तिकडून "वहिनी, वहिनी" करत राहतेस. इथे निदान टाईप तरी करता येतं.

तर ऐक. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. साडेचार किलोचा गडी. पोटात होता तेव्हा आपण सगळे कौतुकाने त्याला ढब्बू म्हणत होतो, ते कौतुक भोवलं. खांदा सोडवेपर्यंत त्याला प्राणवायू पुरला नाही. बाहेर आला तो निळा आणि मुकाट. मी विचारत राहिले, रडला का, रडला का, आणि खोलीतली सगळी माणसं त्याच्यावर वाकलेली, माझ्याकडे नुसत्या पाठी.

आता तो वरच्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे आणि तिथे त्याला गार करतायत. जगात बाळ झालं की दुपट्यात गुंडाळतात, टोपी घालतात. माझ्या बाळाला उघडं ठेवून गार पाणी खेळवलेल्या गादीवर झोपवलंय. असं तीन दिवस. मेंदू वाचवायला, म्हणतात. आज सकाळी मला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. मी त्याच्या पायाला हात लावला. फ्रिजमधून भाजी काढावी तसा लागला गं तो पाय.

आणि तो थरथरतो. हनुवटी हलते. कपाळाला आठ्या पडतात, एवढंसं कपाळ आणि केवढ्या त्या आठ्या. मॉर्फिन चालू आहे, पंपाला लावलेल्या सिरिंजमधून, अगदी थेंबाथेंबाने. मी म्हटलं, वाढवा. तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्याच वयाच्या आहेत, मऊ आवाजाच्या. म्हणाल्या, "आमचं लक्ष आहे. या औषधात घाई करायची नसते." मला घाईच आहे. मी गाडी शिकवते तेव्हा माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, शिकणारा कितीही गोंधळला तरी गाडी मी थांबवू शकते. इथे माझ्या पायाखाली काही नाही. सपातासुद्धा दोन वेगवेगळ्या आहेत, तुझ्या दादाने घाईत आणलेल्या.

तू लोकांना भूल देतेस. माणसाला दुखू नये हाच तुझा धंदा. मला सांग, त्याला दुखतंय का? आणि दुखत असेल तर मी या लोकांना काय म्हणू? मी काही बोलले की "आईची काळजी" म्हणून गोड हसतात. ज्यावर हसता येणार नाही असे शब्द मला दे.

तुझी,
वहिनी

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

वहिनी,

मी पहिल्या गाडीने निघाले असते. पण पाठीपासून कमरेपर्यंत नागीण उठलीय, पाण्याने टरारलेल्या फोडांचा पट्टाच्या पट्टा. अशा अवस्थेत नवजात बाळाच्या आसपासही फिरकायचं नसतं. हे मी दुसऱ्यांना बजावत आले, आता स्वतःला बजावतेय. कपडा लागला तरी आग होते. टेकून बसता येत नाही म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने लिहितेय. आईला यातलं काही सांगू नका, ती दोन्हीकडे काळजी करत बसेल आणि दोन्हीकडे फोन करेल.

आधी गारव्याचं. प्राणवायू कमी पडला की मेंदूचं सगळं नुकसान एका झटक्यात होत नाही. थोडं तेव्हाच होतं आणि बाकीचं पुढे हळूहळू होत जातं. अंग गार ठेवलं की हे मागाहून होणारं नुकसान मंदावतं. म्हणून त्या गादीवर राग धरू नकोस. त्या गादीवर तो आहे हे त्याचं नशीब.

आता दुखण्याचं. हो, त्याला त्रास होत असणार. तुला गोड गोड सांगून काय करू? सुया, नळ्या, थंडी, आणि त्यात जन्मताना झालेली ओढाताण. आणि तो कुडकुडत राहिला, ताणात राहिला, तर त्याचं शरीर स्वतःला तापवायला बघतं. मग गार करण्याचा फायदा कमी होतो. तेव्हा त्यांना हे वाक्य जसंच्या तसं म्हण: "त्याला आराम देणं हा लाड नाही, उपचाराचाच भाग आहे." वेदनेचा गुण किती आला तेही विचार. सिस्टर बाळाचा चेहरा, हातपाय, नाडी बघून तो आकडा मांडतात. यावर कुणी हसणार नाही.

मी ऑपरेशनच्या टेबलाशी रोज हेच करते. माणूस हलला तर औषध कमी पडलं, निवांत पडला तर पुरलं. मागून घे, वहिनी. लाजू नकोस. लोकांना भर चौकात हॉर्न मारायला शिकवतेस ना? आता स्वतः मार.

आणि दादाला काहीतरी खायला घाल. तो न जेवता उभा राहतो आणि मग कुठेतरी धाडकन पडतो. लहानपणी माझा दात पडला तेव्हाही चक्कर यालाच आली होती.

तुझी,
नणंद

१३ नोव्हेंबर, दुपार

प्रिय नणंदबाई,

मारला हॉर्न. चांगला जोरात.

तुझं वाक्य मी लिफ्टमध्ये पाठ करत होते. डॉक्टरीणबाई आल्या तसं म्हणून टाकलं. वेदनेचा गुणही विचारला. त्या हसल्या नाहीत. तिथे एक उंच सिस्टर आहे, तिने आकडा सांगितला आणि तो बराच वर होता. मग डॉक्टर गादीपाशी कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. ढब्बूने हनुवटी हलवली, मूठ आवळली, तोंड वाकडं केलं. शेवटी म्हणाल्या, "खरंच अस्वस्थ आहे." औषधाचा एक जादा डोस दिला आणि पंपही थोडा वाढवला.

थोड्या वेळाने त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. एकेक करून, कुणीतरी हाताने इस्त्री करावी तशा. मी बघत बसले. मूठ सुटली. थरथर थांबली. बाळ झाल्यापासून मी पहिल्यांदाच खोलीत येऊन झोपले, आणि अशी झोपले की जेवणाचं ताट आलं नि परत गेलं तरी कळलं नाही.

आज तो आणखीच शांत आहे. सकाळी त्याच्या घशात नळी घातली. श्वास फार सावकाश घ्यायला लागला होता, डॉक्टर म्हणाल्या यंत्राने मदत करू. मला बरंच वाटलं, तेवढेच त्याचे कष्ट वाचले. डोक्याला तारा लावल्यात, त्यांची रेघ पडद्यावर उमटते. काल ती नुसती नाचत होती, आज अगदी सरळसोट चाललीय. लघवी फार कमी होते म्हणे, पण गादीवरच्या मुलांना होतं तसं कधी कधी. तुझ्या आई बाहेर बाकावर बसून त्याच्यासाठी मोजे विणतायत. मी म्हटलं, आई, अहो त्याला गार करतायत. म्हणाल्या, "जन्मभर थोडेच करणार आहेत?"

तुझे उपकार कसे फेडू? तू लांब असूनही इथे सगळ्यात जवळ तूच आहेस. बाकी सगळे "धीर धरा" म्हणतात, एकट्या तू मला कामाचं काही दिलंस.

पाठ कशी आहे? उताणी झोपू नकोस.

तुझी,
वहिनी

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

वहिनी,

वा! तू झोपलीस हे फार बरं झालं. अशीच झोप, जेवण चुकवू नकोस, टाके ओले ठेवू नकोस.

सहज विचारते हं, काही विशेष नाही. तो जादा डोस एकदाच दिला की पुन्हा दिला? पंप अजून तेवढ्यावरच आहे? डोळ्यांवर उजेड टाकून बघतात तेव्हा बाहुल्या कशा आहेत म्हणतात, बारीक? यकृताची रक्ततपासणी आली का? तुला माहीत नसेल तर नसू दे. दादाला विचारते. उगाच, आपल्या धंद्यातली उत्सुकता.

माझं ठीक. फोड अजून आहेत. घरभर फेऱ्या मारते, या खोलीतून त्या खोलीत, आणि कशाला आले तेच विसरते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, सामान हलवताय का?

उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तरी चालेल. म्हणजे, दे.

तुझी,
नणंद

१४ नोव्हेंबर, दुपार

नणंदबाई म्हणू की डॉक्टरसाहेब?

सकाळी वर गेले तर पंपावरचा आकडा निम्म्याहूनही खाली. मी उंच सिस्टरला विचारलं, हे काय? म्हणाली, डॉक्टरांनी कालच कमी केलं. डॉक्टरांकडे गेले. त्यांना वाटलं मला माहीतच असणार. म्हणाल्या, "काल तुमच्या नणंदेशी बोलणं झालं ना माझं. तुमच्या मिस्टरांनीच जोडून दिला फोन."

मी मान हलवली, माहीत असल्यासारखी.

तू मला "सहज विचारते" लिहिलंस. उजेड, बाहुल्या, धंद्यातली उत्सुकता! आणि तिकडे माझ्या नवऱ्याला हाताशी धरून माझ्याच मुलाचं दुखणं थांबवणारं औषध कमी करायला सांगितलंस. परवा मला म्हणत होतीस मागून घे, लाजू नकोस. मी त्या बाईंसमोर उभी राहून मागितलं. आणि दुसऱ्या दिवशी तू मागच्या दाराने जाऊन ते परत केलंस. मी त्यांना कशी दिसले असेन? घरात एकीचं एक, दुसरीचं दुसरं.

तुझा दादा म्हणतो, "तिने चांगल्यासाठीच केलं असेल." मी त्याला म्हटलं, तू बोलूच नकोस. तो बोलत नाहीये. भावाबहिणीने मिळून ठरवलं आणि पोराची आई खालच्या मजल्यावर झोपली होती.

तू स्वतः नागिणीसाठी गोळ्या घेतेस ना? दुखलं की घेतेस ना? त्याला बोलता येत नाही म्हणून त्याची गोळी कमी?

आज तो हलत नाही. औषध कमी करूनही हलत नाही. तेवढं एक बरं, निदान त्याला कळत तरी नसेल.

पुढचं पत्र लिहिलंस तर खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.

वहिनी

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

वहिनी,

खरं लिहिते.

तुझं कालचं पत्र मी ओट्याशी उभी राहून वाचलं. आठ्या गेल्या, श्वास सावकाश झाला, रेघ सरळ झाली, लघवी कमी झाली. तू ही चार सुखं म्हणून लिहिली होतीस. मी तीच यादी पुन्हा वाचली, औषध जास्त झाल्याच्या खुणा म्हणून; बाहुल्या बारीक आहेत का तेही त्यासाठीच विचारलं.

मी ज्यांना झोपवते ती मोठी आणि गरम माणसं असतात. औषध दिलं की त्यांचं यकृत ते मोडत जातं, मूत्रपिंडं बाहेर टाकत जातात. आत येणारं आणि बाहेर जाणारं यांचा मेळ बसतो. ढब्बूचं अंग साडेतेहतीस अंशांवर धरून ठेवलंय. गारव्याने मेंदूचं नुकसान मंदावतं हे मी तुला मोठ्या शहाणपणाने समजावलं. त्याच गारव्याने यकृतही मंदावणार हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही. त्यातून प्राणवायू कमी पडला तो एकट्या मेंदूला नाही, यकृताला आणि मूत्रपिंडांनाही. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. थेंब दिसायला थोडेच, पण ते साठत जातात. म्हणून गार केलेल्या बाळांना हे औषध मुळातच कमी देतात आणि सावकाश देतात. मी तुला सांगितलं, निवांत पडला म्हणजे पुरलं. या बाळांच्या बाबतीत निवांत पडला म्हणजे जास्त झालं असंही असू शकतं. मी चुकीचं सांगितलं आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून ते मागितलंस.

तिथल्या डॉक्टरांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बाळ खरंच तळमळत होतं म्हणून त्यांनी जपून थोडं वाढवलं होतं. मी फोन केला तेव्हा यकृताचे आकडे त्यांच्या हातात होते आणि पंप खाली आणायचं त्यांचं ठरलं होतं. माझ्या फोनने काही बदललं नाही. तुझा माझ्यावरचा विश्वास तेवढा गेला.

तुला आधी सांगायला हवं होतं. दोनदा लिहायला बसले, म्हणजे उभी राहिले. पण तू पहिल्यांदाच झोपलीस असं लिहिलं होतंस आणि माझी हिंमत झाली नाही. दादाला मीच गळ घातली. त्याला बोल लावू नकोस, मला लाव.

औषध बंद केलेलं नाही, कमी केलंय, हे लक्षात ठेव. बाकीचा आराम हातांनी द्यायचा. उजेड मंद ठेवायला सांग. टोचाटोची एकाच वेळी उरकायला सांग. तुझा एक तळहात त्याच्या डोक्यावर आणि एक पावलांवर, नुसता ठेवून द्यायचा, चोळायचं नाही.

आणि आता नीट वाच. तीन दिवस झाले की त्याला हळूहळू गरम करतील. तो लगेच जागा होणार नाही. साठलेलं औषध उतरायला किती वेळ लागेल ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. तोवर तो निपचित पडून राहील आणि बघणाऱ्याला वाटेल, मेंदूच गेला. तुलाही वाटेल. औषध उतरेपर्यंत काही ठरवायचं नाही. माझ्याशी बोलू नकोस, पण एवढं ऐक.

तुझी,
नणंद

१६ नोव्हेंबर, सकाळ

वहिनी,

काल उत्तर नाही, आज नाही. दादा फोन उचलत नाही, म्हणजे तू उचलू देत नसशील किंवा उचलण्यासारखं काही नसेल. आईने उचलला आणि नुसतं "गरम केलं, गरम केलं" म्हणून ठेवून दिला. डॉक्टरांना फोन करायला बोट दहादा गेलं. केला नाही. तुला विचारल्याशिवाय आता करणार नाही.

शिव्या घालायला तरी लिही.

नणंद

१७ नोव्हेंबर, दुपार

नणंदबाई,

शिव्या घालायला त्राण नाही.

परवा दिवसभर त्याला गरम करत होते, सावकाश, भात वाफेवर ठेवावा तसं. संध्याकाळी सिस्टरने पहिल्यांदा त्याला माझ्या छातीवर ठेवलं, नळ्या-बिळ्यांसकट. गरम लागला. आपल्यासारखा, माणसासारखा. मला वाटलं, आता मला ओळखेल, काहीतरी करेल. तोंड फिरवेल, निदान मूठ तरी आवळेल. काही नाही. हात उचलून सोडला की खाली पडतो. काल तसाच, आज तसाच.

डॉक्टर आम्हा दोघांना घेऊन बसल्या. म्हणाल्या, "हे औषध असू शकतं, इजाही असू शकते, दोन्ही मिळूनही असू शकतं. आज मी सांगितलं तर तो अंदाज असेल आणि अंदाजावर मी तुम्हाला काही सांगणार नाही." पंप पूर्ण बंद केलाय. वाट बघायची. तुझा दादा तिथे "बरं" म्हणाला आणि बाहेर लिफ्टपाशी जाऊन भिंतीला डोकं लावून रडला. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. "जरा" हा शब्दसुद्धा वापरला नाही त्याने.

तू आधीच लिहिलं होतंस की तो निपचित पडेल. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. आता माझ्या मनात भलतंच येतं. तू ते मला धीर द्यायला लिहिलंस का? आधीच कळलं होतं तुला आणि औषधाचं नाव पुढे केलंस? एकदा लपवलंस, म्हणून आता तुझं खरंही खोटं वाटतं.

आणि अजून एक, हे कुणाला सांगू नकोस. तो असा औषधामुळे असेल तर ते औषध मी मागितलं, भांडून मागितलं. मेंदूमुळे असेल तर त्यात माझा काही दोष नाही, खांदा अडकला, नशीब. कुठल्याही शहाण्या बाईला दुसरं बरं वाटावं. आणि मी सकाळपासून धावा करतेय की देवा, माझीच चूक असू दे.

किती दिवस लागतात? आकडा दे मला. कुठलाही दे.

वहिनी

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

वहिनी,

आकडा नाही माझ्याकडे. असता तर दिला असता. खोटा देणार नाही.

औषधाचं मी धीर द्यायला लिहिलं नव्हतं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं, आत्ताही वाटतं. पण खात्री नाही. त्या दिवशी माझ्या स्वरात जेवढी खात्री होती तेवढी माझ्या मनात नव्हती, हे कबूल करते.

तुझी चूक असेल तर निम्म्याहून जास्त माझी आहे, शब्द मीच पुरवले होते. मीही तेच मागतेय, वहिनी. माझीच चूक असू दे.

बघत राहा. नळीतून कफ ओढताना खोकतो का. पापणीला बोट लावलं तर मिटतो का. टाच टोचली तर पाय आखडून घेतो का. त्याने मोठं काही करावं याची वाट बघू नकोस. जे येईल ते बारीकसारीक येईल.

मी इथेच उभी आहे.

तुझी,
नणंद

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय नणंदबाई,

नीट बस आणि वाच. बसता येत नसेल तर ओट्याला धरून उभी राहा.

काल दुपारी कफ ओढताना खोकला. डॉक्टर म्हणाल्या, खोकलाय, पण एवढ्यावर काही म्हणता येत नाही. संध्याकाळी घशातली नळी काढली. श्वास स्वतःचा स्वतः घेतला, पण बाकी तोच गोळा. मी तुझी यादी डोक्यात धरून बसले होते. पापणी मिटली, असं मला वाटलं. तुझ्या दादाला नाही वाटलं.

आज सकाळी रक्त घ्यायचं होतं. उंच सिस्टर ट्रे घेऊन आली. टोचायच्या आधी बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब देतात, त्याने त्यांना कमी दुखतं म्हणे. तिने थेंब काढले आणि मी तिचा हात धरला.

"सिस्टर, आज नका देऊ."

"का हो?"

"त्याला दुखू दे. पूर्ण दुखू दे. मला बघायचंय."

तुझा दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही ही बाई त्याने कुठून आणली तेच आठवेना. मी आठवडाभर या पोराच्या कपाळावरच्या एकेका आठीसाठी जगाशी भांडले आणि आता मीच म्हणत होते, दुखू दे. सिस्टरने माझा हात बाजूला केला. रागाने नाही, मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. म्हणाली, "ताई, ते मी देणारच. तुम्हाला जे बघायचंय ते असलं तर तसंही दिसेल."

दिले थेंब. टाच पुसली. टोचलं.

काही नाही. तिने टाच दाबली, रक्त बारीक नळीत ओढून घेतलं. काही नाही. मी खिडकीकडे बघायला लागले कारण मला ते बघवेना. आणि तुझा दादा म्हणाला, "अगं, अगं."

पाय ओढला त्याने. तिच्या हातातून सुटला पाय. तिने परत धरला तर त्याने परत ओढला. मग कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या आठ्या, मी ओळखते त्या. तोंड उघडलं. आधी आवाजच निघेना, घसा नळीने सुजला होता ना, नुसतं तोंड वासून चेहरा लालभडक. मग आला. घोगरा, फाटका, भयंकर चिडलेला. आपल्यावर काय काय अन्याय झाला ते सगळं एकदम सांगायला बसला. पलीकडची बाळं जागी झाली. डॉक्टर आतल्या खोलीतून धावत आल्या, बाळाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि त्यांचा तो मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "अरे वा!" म्हणून ओरडल्याच त्या. तुझ्या आई दाराच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या, त्यांना काही कळेना, त्या बाहेरून विचारत होत्या, "काय केलं त्याला? का रडवताय?"

त्याला दुखतं, नणंदबाई. टाचेपासून मेंदूपर्यंत निरोप जातो आणि तिथून उलट टपाली शिव्या येतात. मी हसत होते आणि रडत होते आणि माझे टाके ओढत होते. आपली चूक निघाली म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. तुझीही निघाली, अभिनंदन.

पुढचं कुणी लिहून देत नाही. उद्या मेंदूचा फोटो काढतील. डॉक्टर म्हणाल्या, आजचं लक्षण चांगलं आहे, पण कसा चालेल, कधी बोलेल, हे तोच हळूहळू सांगेल. मला भीती वाटतेच आहे. पण कालची भीती होती तशी नाही, तिला निदान बसायला जागा आहे.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. पुढच्या वेळी कुणालाही फोन करायचा तर आधी मला, मी झोपले असले तर उठवून. तुझ्या दादालाही दम दिलाय. फोड सुकून खपली पडली की ये. डॉक्टर असून एवढं तर मोजता येईल तुला.

इतकं लिहून होतंय तोवर सिस्टर पुन्हा ट्रे घेऊन आली. सकाळचं रक्त तपासायला पुरलं नाही म्हणे. ढब्बू माझ्या मांडीवर नुकताच शांत झाला होता, हुंदके देत देत. मी त्याची दोन्ही पावलं मुठीत झाकून घेतली आणि विचारलं, "टोचायलाच हवं का?"

तुझी,
वहिनी